घरातील बुरशी : तपासणी कशाची करावी?

आषाढ लागला म्हणजे कोकणात, केरळात किंवा बंगालमध्ये कपाट उघडताच एक कुबट वास येतो. चामड्याच्या वहाणांवर हिरवट-पांढरी भुकटी धरलेली असते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर डाग पडलेले असतात आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा पुंजका दिसू लागतो. ही बुरशी घातक तर नाही ना, आणि ती कोणत्या जातीची आहे हे प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे काय, असा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. मोठ्या शहरांतून अशी तपासणी करून देणारे व्यावसायिकही आता आढळतात. तपासणीस पैसा लागतो, आणि अहवालाची वाट पाहण्यात दिवस गेले तर बुरशीचे मूळ कारण तसेच राहते. म्हणून तपासणी केव्हा करावी व केव्हा करू नये, याचा विचार शांतपणे केला पाहिजे.

बुरशीचे जीवन

बुरशी ही वनस्पती नव्हे व प्राणीही नव्हे. भूछत्रे आणि किण्व यांच्याप्रमाणे ती कवकवर्गात मोडते. हिरव्या वनस्पतींसारखे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणे तिला साधत नाही. ती आपले पाचक रस बाहेर सोडते आणि ज्या वस्तूवर वाढते तिचे विघटन करून तिच्यातील अन्नांश शोषून घेते. लाकूड, कागद, खळ, चामडे, कापूस, फार काय भिंतीवर बसलेली धूळसुद्धा तिला पुरते. तिची वाढ सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याने होते व त्या जाळ्यावर बीजाणू तयार होतात. मिलिमीटरचे हजार भाग केल्यास त्यांतील दोन ते दहा भागांएवढाच बहुतेक बीजाणूंचा आकार असतो. त्यामुळे वाऱ्याच्या झुळुकीबरोबर ते कोठेही पोहोचतात.

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी जंतू वाढविलेल्या काचेच्या बशीत असाच एक बीजाणू येऊन पडला. त्यापासून वाढलेल्या बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झालेले फ्लेमिंग यांना दिसले, आणि पुढे त्यातून पेनिसिलिन हे औषध जगाला लाभले. प्रयोगशाळेतील बशीदेखील जेथे बीजाणूंपासून सुटत नाही, तेथे राहते घर कसे सुटणार? बीजाणू सर्वत्र असतात. ओल मात्र सर्वत्र नसते. ज्या जागी ओल टिकून राहते त्याच जागी बीजाणू रुजतात.

ओल कोठून येते

एखाद्या पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ८० च्या वर दीर्घकाळ राहिली, की तेथे बुरशी वाढू शकते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच बहुधा इतकी दमट असते. घरात पाणी येण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला मार्ग बाहेरून : गळके छप्पर, तडकलेला गिलावा, तुंबलेली पन्हळ किंवा जमिनीतून भिंतीत चढणारी ओल. दुसरा मार्ग आतून : मोरीच्या फरशीचे उघडे सांधे व भिंतीत पुरलेले गळके नळ. तिसरा मार्ग हवेतून : स्वयंपाकाची व स्नानाची वाफ थंड भिंतीला लागून तिचे पुन्हा पाणी होते. बाहेरच्या भिंतीला कपाट अगदी चिकटवून ठेवल्यास मागची हवा हलत नाही आणि तेथे बुरशी हमखास धरते. विदर्भात किंवा दिल्लीकडे उन्हाळ्यात पाण्याचे कूलर लावतात. त्या वेळी हवेला बाहेर जाण्यास वाट ठेवली नाही, तर कोरड्या प्रदेशातील खोलीही दमट होते.

दरवर्षी भिंतींना चुना काढण्याच्या जुन्या रीतीत शास्त्रीय तथ्य आहे. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो व बुरशीला तो मानवत नाही. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा हा गुण ओसरतो. म्हणूनच चुना पुनःपुन्हा काढावा लागतो.

आरोग्याशी संबंध

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वासातील घरघर व दमा यांचा त्रास अधिक होतो, असे तिच्यात नमूद केले आहे. लहान मुले, वृद्ध, दमेकरी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे असे रुग्ण यांनी विशेष जपले पाहिजे. तथापि हवेत अमुक इतके बीजाणू असल्यास घर सुरक्षित आणि त्याहून अधिक असल्यास धोकादायक, अशी मर्यादा संघटनेला ठरविता आली नाही. ओल होऊ देऊ नये व झाल्यास ती दूर करावी, हाच तिचा मुख्य उपदेश आहे.

रंगावरून भीती बाळगण्याचेही कारण नाही. २०२१ साली कोविडच्या साथीत ‘काळी बुरशी’ या नावाने म्युकरमायकोसिस हा रोग आपल्या देशात गाजला. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड औषधांचा अतिवापर यांमुळे दुर्बल झालेल्या रुग्णांना तो मुख्यतः झाला. त्या नावातील काळेपणा रोगाने मृत झालेल्या ऊतींचा होता. भिंतीवरील काळे डाग सामान्यतः वेगळ्याच बुरशींचे असतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ मध्ये काही तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला, तेव्हा स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीवर संशय घेण्यात आला होता. परंतु फेरतपासणीनंतर २००० साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने हा संबंध सिद्ध झालेला नाही असे जाहीर केले. याचा अर्थ बुरशी निरुपद्रवी आहे असा नव्हे. कोणत्याही रंगाची व जातीची बुरशी घरातून काढून टाकणेच इष्ट होय.

तपासणी करावी काय?

तपासणीस पैसे देण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : अहवालात कोणतेही नाव आले तरी आपण पुढे करणार ते काम बदलणार आहे काय? बुरशी डोळ्यांनी दिसत असेल, तर उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल. जात कोणतीही असो, गळती थांबविणे, भिंत वाळविणे व डाग धुणे हीच कामे करावयाची असतात. शिवाय हवेचा नमुना काही मिनिटांचाच असतो. बीजाणूंची संख्या ऋतूप्रमाणे, वेळेप्रमाणे, इतकेच नव्हे तर खोली झाडल्यानेही बदलते. बाहेरच्या हवेचा नमुना त्याच वेळी घेऊन तुलना केली नसेल, तर त्या आकड्यास फारसा अर्थ राहत नाही.

काही प्रसंगी मात्र तज्ज्ञाची मदत योग्य ठरते. कुबट वास सतत येतो पण बुरशी कोठेच दिसत नाही. घरमालक व भाडेकरू यांचा वाद न्यायालयात गेला आहे. किंवा दुर्बल रुग्ण ठेवलेल्या रुग्णालयात दुरुस्ती चालू आहे, हे असे प्रसंग होत. तपासणारा आणि दुरुस्तीचे काम घेणारा एकच नसावा, ही दक्षता घ्यावी. घरातील कोणास सतत खोकला वा धाप लागत असेल, तर भिंतीच्या तपासणीआधी त्या माणसाची तपासणी वैद्याकडून करून घ्यावी.

ओलीची तपासणी मात्र प्रत्येकास घरीच करता येते. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा डागाजवळच्या भिंतीवर चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. तुकड्याच्या मागे, भिंतीकडील बाजूस पाणी साचले तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस दव धरले तर दोष खोलीतील दमट हवेचा आहे. नळ गळतो काय हे पाहण्यासाठी रात्री सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरवरील आकडा टिपावा. पाणी वापरलेले नसताना सकाळी तो पुढे गेलेला दिसल्यास नळात गळती आहे.

बुरशी कशी काढावी

अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेच्या सल्ल्याप्रमाणे सुमारे एक चौरस मीटरपर्यंतची बुरशी घरच्या घरी काढता येते. प्रथम ओलीचे कारण दूर करावे. नंतर नाकातोंडावर एन-९५ मुखपट्टी, डोळ्यांवर बंद चष्मा व हातांत रबरी मोजे घालून साबणाच्या पाण्याने डाग भिजवावा व पुसावा. कोरडा डाग घासू नये, कारण त्याने बीजाणू खोलीभर उधळतात. ब्लीच वापरल्यास खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ते शौचकूप साफ करण्याच्या आम्लात किंवा अमोनियात कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतात. धुतलेली जागा पूर्ण वाळल्यावाचून रंग देऊ नये, नाहीतर त्याचे पोपडे निघतात. बुरशी मुरलेल्या गाद्या व उशा टाकून द्याव्यात. दमेकऱ्यांनी व दुर्बल रुग्णांनी हे काम स्वतः करू नये.

भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळविल्यास बुरशी बहुधा धरत नाही. २०१८ साली केरळात व २०१९ साली सांगली-कोल्हापुरात महापूर आले. अशा पुरानंतर जाड भिंती वाळण्यास कित्येक आठवडे लागतात. तोवर दारे-खिडक्या उघड्या ठेवून पंख्यांनी हवा खेळती ठेवणे अगत्याचे असते. ग्रंथालयांनी कपाटे भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत, खालचा खण जमिनीपासून वर उचललेला असावा आणि भिजलेली पुस्तके सावलीत, वाऱ्यावर, पाने उघडून वाळवावीत.

भिंतीवर बुरशी दिसली की घरात कोठेतरी पाणी मुरत आहे असे समजावे. तिचे नाव शोधण्यासाठी जो खर्च करावयाचा, तो आधी त्या पाण्याची वाट शोधून बंद करण्यावर करावा. पुढील पावसाळ्यात ती जागा कोरडी राहिली, तर आपला उपाय बरोबर होता याची खात्री पटेल.