डुकराच्या दाढेची साक्ष

मानवाच्या उगमाच्या संशोधनात १९६९ ते १९८० हा काळ एका थराच्या वयावरून गाजला. केनियात तुर्काना सरोवराच्या पूर्वेला, कूबी फोरा इथं ज्वालामुखीच्या राखेचा ‘केबीएस’ नावाचा थर आहे. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनं त्याचं वय सुमारे २६ लाख वर्षं निघालं. १९७२ मध्ये पुरामानवशास्त्रज्ञ रिचर्ड लीकी यांच्या चमूतल्या बर्नार्ड न्गेनेओ यांना त्या थराच्या खाली ‘१४७०’ क्रमांकाची कवटी सापडली. तिचं वय २९ लाखांच्या घरात धरलं गेलं. एवढ्या मोठ्या मेंदूचा माणूस इतका जुना असेल, तर मानवाची वंशावळ नव्यानं मांडावी लागणार होती. पण पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि ते दाखवून दिलं डुकरांनी.

उत्तरेला, इथिओपियातल्या ओमो खोऱ्यात राखेचे थर एकावर एक नीट रचलेले आहेत आणि त्यांची वयं स्वतंत्रपणे मोजलेली होती. त्या थरांत डुकरांचे जीवाश्म मुबलक. कोल्पोकीरस या डुकराची शेवटची दाढ पाहिली, तर खालच्या थरात ती आखूड असते. जसजसं वर यावं तसतशा तिच्या मागच्या टोकाला उंचवट्यांच्या नव्या जोड्या येतात आणि दाढ लांबत जाते. मेट्रिडिओकीरस या दुसऱ्या शाखेत दाढेची उंचीही वाढते. डुक्कर रवंथ करत नाही. गवताकडे वळायचं तर दळण्याचा भार दाढांवरच येणार. त्यामुळे पसरत्या गवताळ प्रदेशाची नोंद याच दाढांत उमटली. पुराजीवशास्त्रज्ञ बेसिल कुक यांनी दोन्हीकडच्या दाढा ताडून पाहिल्या, तेव्हा केबीएसखालची डुकरं ओमोतल्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या डुकरांशी जुळली. १९७७ मध्ये टिम व्हाइट आणि जॉन हॅरिस यांनी अनेक शाखा तपासून हाच निष्कर्ष मांडला.

यावर आक्षेप आला तो असा, की दोन्ही ठिकाणचं पर्यावरण वेगळं असेल, तर कूबी फोराची डुकरं आधीच पुढं गेलेली असू शकतात. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. उत्क्रांती सगळीकडे एकाच वेगानं चालते, असा काही नियम नाही. पण ओमो नदी याच सरोवराला मिळते, दोन्ही प्रदेश एकाच खोऱ्यातले. शिवाय एका शाखेत असा योगायोग घडेल, वेगवेगळ्या शाखांत तोच फरक त्याच मापानं पडणं अवघड. दुसरी शंका अशी, की भौतिकशास्त्राच्या आकड्यासमोर दाढेचा पुरावा कितपत टिकेल? पण दाढांना वर्षांचे आकडे मिळाले होते तेही ओमोच्या राखेवरून, म्हणजे त्याच भौतिकशास्त्रातून. खोट पद्धतीत नव्हती, नमुन्यात होती. केबीएसच्या राखेत वाहून आलेले जुने कण मिसळले होते. पहिल्या मोजणीत तर वय २० कोटी वर्षांहून अधिक आलं होतं.

१९८० पर्यंत शुद्ध स्फटिकांवरच्या नव्या मोजण्यांनी सुमारे १९ लाख वर्षांवर शिक्कामोर्तब केलं. ‘१४७०’चं वय २० लाखांच्या आसपास आलं आणि वंशावळ उलथवण्याची गरज उरली नाही. पण डुकरांमुळे वय मोजणारं यंत्र हरलं, असा अर्थ काढणं चूक. शेवटचा निकाल यंत्रानंच दिला. डुकरांचं श्रेय एवढंच, पण मोठं: आकडा कितीही काटेकोर दिसला, तरी त्याच मातीतल्या इतर जीवांच्या इतिहासाशी तो जुळत नसेल, तर मोजणी पुन्हा करावी, हे त्यांनी पटवून दिलं.