गणित-विज्ञानाचे शिक्षक आणि शासकीय आर्थिक प्रोत्साहन

गणित व विज्ञान या विषयांत पारंगत असलेल्या तरुणास शाळेबाहेरही अनेक वाटा मोकळ्या असतात. कारखाने, पेढ्या व संगणक-उद्योग त्यास अधिक वेतन देऊ करतात. साहजिकच या विषयांच्या शिक्षकांची उणीव भासते, आणि ती सर्वांत आधी गरीब वस्तीतील शाळांना भासते. ती भरून काढण्यासाठी अमेरिकेत जे उपाय योजिले गेले, त्यांचा परिचय शिक्षकबंधुभगिनींस उद्बोधक वाटेल.

१९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेत विज्ञानशिक्षणाविषयी मोठी चिंता उत्पन्न झाली व पुढील वर्षी एक कायदा संमत झाला. त्यान्वये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस अल्प व्याजाने कर्ज मिळे. विद्यार्थी पुढे सार्वजनिक शाळेत शिक्षक झाल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा, याप्रमाणे अधिकांत अधिक निम्मे कर्ज माफ होई. २००४ च्या कायद्याने गरीब वस्तीतील शाळांत सलग ५ वर्षे सेवा करणाऱ्या माध्यमिक गणित-विज्ञान शिक्षकांच्या कर्जमाफीची मर्यादा ५,००० वरून १७,५०० डॉलरपर्यंत वाढविली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. शिक्षक आणणे हे एक कार्य आणि आलेला शिक्षक टिकविणे हे दुसरे. शिष्यवृत्तीने माणूस या व्यवसायात येतो. परंतु अट पूर्ण होताच तो निघून जाऊ शकतो.

टिकविण्याच्या प्रयत्नाचे उदाहरण नॉर्थ कॅरोलायना राज्याचे आहे. गरीब अथवा मागे पडलेल्या माध्यमिक शाळांत राहणाऱ्या गणित, विज्ञान व विशेष शिक्षणाच्या प्रमाणित शिक्षकांस तेथे २००१ पासून वर्षास १,८०० डॉलर अधिक देण्यात आले. शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी घटले. म्हणजे जेथे शंभर शिक्षक गेले असते तेथे त्र्याऐंशीच गेले. अनुभवी शिक्षकांवर या रकमेचा परिणाम विशेष झाला. तथापि लाभास पात्र कोण, हे अनेक शिक्षकांस व मुख्याध्यापकांस नीट उमगलेच नव्हते. ज्यास आपला हक्क ठाऊक नाही, त्याचे पाऊल त्या हक्कामुळे थांबणार कसे? शिवाय ही योजना तीन वर्षांतच बंद झाली.

महाराष्ट्रात आदिवासी क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांकरिता एकस्तर वेतनश्रेणी व प्रोत्साहन भत्ता यांविषयीचा शासननिर्णय २००२ साली झाला. त्याचा आधार विषय नसून सेवेचे ठिकाण हा आहे. आधार कोणताही असो, वरील बोध येथेही लागू पडतो.

म्हणून प्रोत्साहनाचे परिपत्रक हाती येताच त्यातील चार गोष्टी पाहाव्यात: पात्र कोण, शाळा कोणती, सेवेची मुदत किती आणि मध्येच बदली झाल्यास काय. मुख्याध्यापकांनी त्या शिक्षकसभेत वाचून दाखवाव्यात. दप्तरात बांधून ठेवलेल्या परिपत्रकाने कोणताही शिक्षक गावात टिकत नाही.