आकड्यावर नव्हे, कानावर

कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि डाव्या-उजव्या अशा दोन्ही वाहिन्यांतील प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदवला जातो, त्यामुळे एका सेकंदाच्या संगीतासाठी सुमारे १,४११ किलोबिट लागतात. तेच संगीत १२८ किलोबिटांच्या एमपी३ फाइलमध्ये, म्हणजे जवळजवळ अकराव्या हिश्श्यात मावते, ते मुख्यतः मानवी श्रवणाच्या एका मर्यादेमुळे: मोठा स्वर वाजत असताना त्याच्या जवळपासच्या कंप्रतेचा क्षीण ध्वनी कानाला जाणवत नाही. या ‘आच्छादना’चा हिशेब करून न जाणवणारा तपशील गाळणाऱ्या कोडेकचे, म्हणजे ध्वनी आटवण्याच्या व पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीचे, यश म्हणूनच केवळ मोजमापाच्या यंत्रावर ठरत नाही, ते ऐकूनच ठरवावे लागते.

बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारे बिट, हाच दर्जा, असे समजणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. एमपी३च्या प्रमाणकात फाइल कशी उलगडावी हे काटेकोरपणे सांगितलेले आहे, मात्र ती तयार करताना काय राखावे आणि काय सोडावे हा निर्णय एन्कोडर या आज्ञावलीवर सोपवलेला आहे. त्यामुळे एकाच बिटरेटच्या दोन फाइलींत स्पष्ट फरक असू शकतो. ‘लेम’ या प्रसिद्ध एन्कोडरमध्ये बिटरेट कायम ठेवता येतो किंवा संगीताच्या गरजेनुसार कमी-जास्त होऊ देता येतो, आणि दुसऱ्या प्रकारातील ‘व्ही२’ ही सेटिंग सरासरी १९० किलोबिटांच्या आसपास राहूनही कठीण जागी अधिक बिट खर्च करते. एएसी, व्हॉर्बिस आणि २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ओपस या इतर कोडेकांची एमपी३शी तुलना करतानाही एन्कोडर व सेटिंग नोंदवली नाही, तर निष्कर्षाला फारसा अर्थ उरत नाही.

ऐकणाऱ्याचा पूर्वग्रह हा या तुलनेतील सर्वांत मोठा अडथळा आहे, कारण कोणती फाइल मोठी हे ठाऊक असले की तीच सरस भासते. ‘एबीएक्स’ चाचणीत ‘ए’ ही मूळ फाइल, ‘बी’ ही आटवलेली आणि ‘एक्स’ ही त्यांपैकी गुप्तपणे निवडलेली एक असते, व ‘एक्स’ कोणती हे श्रोत्याने पुन्हा पुन्हा ओळखायचे असते. १० पैकी ७ उत्तरे बरोबर आली तर ते मोठे यश वाटते, पण निव्वळ अंदाजाने ७ किंवा अधिक उत्तरे जुळण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरांसाठी ती ४ टक्क्यांच्याही खाली येते. फरक ओळखता आला नाही, तर मात्र तो नाहीच असे सिद्ध होत नाही. त्या श्रोत्याला, त्या उपकरणावर तो सापडला नाही, एवढेच म्हणता येते. दोन्ही फाइलींचा आवाज समान पातळीवर आणणेही अत्यावश्यक आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला सहसा अधिक चांगला वाटतो.

कमी बिटरेटवर दोष उघड असतात आणि प्रश्न फक्त त्यांच्या तीव्रतेचा उरतो, म्हणून तेथे ‘मुश्रा’ ही चाचणी वापरली जाते. तिच्यात अनेक नमुन्यांना ० ते १०० गुण दिले जातात आणि त्यांतच मूळ ध्वनी व मुद्दाम खालावलेला किमान एक नमुना नाव न सांगता मिसळलेला असतो, जेणेकरून श्रोता किती विश्वासार्ह आहे हेही कळावे.

चाचणीसाठी संगीताच्या नमुन्यांची निवड हा खरा कसोटीचा भाग आहे. एमपी३च्या घडणीत अभियंता कार्लहाइन्झ ब्रान्डेनबुर्ग यांनी गायिका सुझान व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे साथीविना गायलेले गीत वापरले, कारण मोकळ्या आवाजात दोष झाकले जात नाहीत. कॅस्टनेट या स्पॅनिश लाकडी तालवाद्याचा तीक्ष्ण आघात वेगळीच अडचण दाखवतो: कोडेक ध्वनीचे तुकडे पाडून काम करतो, म्हणून आघातामुळे उत्पन्न झालेला गोंगाट त्या तुकड्यातील आधीच्या शांततेतही पसरतो आणि आघातापूर्वीच एक फुसफुस ऐकू येते. तबल्याच्या कोरड्या, खणखणीत बोलांनाही हाच धोका संभवतो, तर तानपुऱ्याच्या अखंड, दाट स्वरांत कोडेकपुढील प्रश्न अगदी निराळा असतो. रागसंगीत ऐकणाऱ्याने आपली सेटिंग निवडताना हे दोन्ही नमुने घ्यावेत आणि ते आधीच आटवलेल्या फाइलीतून नव्हे, तर मूळ ध्वनिमुद्रणातून घ्यावेत, कारण पहिल्या गाळणीत गेलेला तपशील दुसऱ्या एन्कोडरला कितीही बिट दिले तरी परत मिळत नाही.