घडीची घरं (लेखांक ६) : बालाघाटात ती कुठे कामाची?

मागच्या लेखांकात सँडविच पॅनेल कसं तयार होतं ते पाहिलं. आज प्रश्न वापराचा आहे. बालाघाट जिल्ह्याची अर्ध्याहून अधिक जमीन जंगलाखाली आहे, पाऊस वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही. अशा ठिकाणी उलगडणारं आणि हलवता येणारं घर कुणाच्या उपयोगाचं?

आधी ते उघडतं कसं ते नीट बघू. ट्रेलरवर येतं तेव्हा ते वीस फूट लांब आणि सात-सव्वासात फूट रुंद खोकं असतं. हायड्राने उचलून ते आधीच पातळीत बसवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवतात. बोल्ट सुटले की छताचा पंख वर घ्यायचा, जमिनीचा पंख खाली सोडायचा, बाहेरची भिंत उभी करायची आणि शेवटी कडेच्या भिंती दारासारख्या फिरवून बसवायच्या. दोन्ही बाजू उलगडल्या की आत चारशे चौरस फुटांच्या आसपास जागा होते. न्हाणीघर, नळ आणि विजेचा बोर्ड मधल्या, न हलणाऱ्या भागात असतात.

सगळी मेख त्या ठोकळ्यांत आहे. एक ठोकळा थोडा जरी खचला, तरी पंख तिरका होतो, रबरी पट्टी नीट दबत नाही आणि पहिल्याच झडीत पाणी आत येतं. धानाच्या बांधीतली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे मुरूम टाकून, दाबून घेतल्याशिवाय हे घर उभं करू नये. बैहरकडे न्यायचं तर गांगुलपाऱ्याचा घाट चढावा लागतो. ट्रेलर आणि हायड्रा दोन्ही ठिकाणावर पोचतील का, हे पैसे देण्याआधीच पाहायला हवं.

या तंत्राचं जवळचं उदाहरण गडचिरोलीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या वांगेतुरीला आणि डिसेंबर २०२४ मध्ये भामरागड तालुक्यातल्या पेनगुंड्याला पोलिसांनी एका दिवसात नवं ठाणं उभं केलं. जवानांच्या निवाऱ्यासाठी पोर्टा कॅबिन होत्या. त्या उलगडणाऱ्या नव्हेत, पण तत्त्व तेच: भिंती कारखान्यात तयार, जागेवर फक्त उभारणी. जिथे विटांचं बांधकाम पूर्ण व्हायला महिने लागले असते, तिथे संध्याकाळपर्यंत छप्पर मिळणं ही मोठी गोष्ट आहे. आडबाजूच्या गावात परिचारिकेला राहायला खोली नसते, म्हणून उपकेंद्राला कुलूप लागतं. पोलिसांसाठी जे एका दिवसात जमतं, ते तिच्यासाठीही जमायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी जागा पुराची. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा बालाघाट, गोंदिया, भंडाऱ्यात घरं पाण्याखाली गेली. अशा वेळी माणसं शाळेत जातात, आणि घर पुन्हा उभं राहीपर्यंत वर्ग अडकून पडतात. तहसीलच्या आवारात घडी घालून ठेवलेली दहा-वीस घरं असतील, तर शाळा आठवड्यात मोकळी होईल.

धान खरेदी केंद्रालाही हे घर शोभतं. काम हंगामापुरतं, संगणक आणि कागद कोरडे राहायला हवेत, पुढच्या वर्षी केंद्र दुसऱ्या गावाला गेलं तर कॅबिनही जाते. तेंदूपत्त्याच्या फडावर मात्र मी ते सुचवणार नाही. मे महिन्याच्या दुपारी फडमुन्शीला पत्र्याच्या खोलीत बसवण्यापेक्षा जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव शंभर पटींनी बरा.

उन्हाचा हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. रायगड जिल्ह्यात १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या कुटुंबांना चौक इथे कंटेनरच्या घरांत ठेवलं. पावसात तो आसरा मोलाचाच होता. पण पक्क्या घरांचं काम लांबलं आणि दुर्घटनेला वर्ष झालं तरी माणसं त्या कंटेनरमध्येच होती. दारात अंगण, चूल आणि कोंबड्या असलेल्या माणसांनी पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढला. तात्पुरत्या घराचा खरा धोका हाच: ते मिळालं की पक्क्या घराची घाई कुणालाच राहत नाही.

म्हणूनच बैहर, बिरसा, परसवाड्याच्या बैगा कुटुंबांना पक्क्या घराऐवजी अशी खोकी देण्याची कल्पना कुणी मांडली, तर तिला ठाम नकार द्यावा. पीएम-जनमन योजनेत घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. ते विटा-मातीच्या, आपल्या हातांनी डागडुजी करता येणाऱ्या घरातच जावेत. घडीच्या घराचं बिजागर तुटलं तर बैहरच्या बाजारात ते मिळणार नाही. शिवाय भिंतीत थर्माकोल असेल तर आत चूल पेटवणं म्हणजे जीवाशी खेळ. तो झटकन वितळून पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. रॉकवूल जळत नाही, पण ते महाग पडतं.

ज्या ग्रामपंचायती किंवा सोसायट्या असं घर घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी निविदेत चार गोष्टी लिहून घ्याव्यात. भिंतीत रॉकवूल. छतावर हात-दीड हात अंतर सोडून दुसरं छप्पर. सुटे बिजागर आणि रबरी पट्ट्या घराबरोबरच. आणि हे घर इथून कोणत्या महिन्यात हलणार, हलवण्याचा खर्च कोण देणार, हे स्पष्ट शब्दांत. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर गवंड्याला बोलवा आणि पाया खोदा.