पदवीवांचून प्राथमिक शिक्षकाचा मार्ग : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पालकांसाठीं

शहापूर व मुरबाड हे तालुके भाताचे, डोंगराचे आणि विखुरलेल्या पाड्यांचे. तानसा, वैतरणा व भातसा यांचें पाणी मुंबईस जातें, आणि त्याच वाटेनें आमचीं तरुण मुलेंही आसनगांव-कसाऱ्याची गाडी धरून जातात. ज्या घरीं दोन-चार एकर भातजमीन व दोन मुलगे आहेत, तेथें जमीन एकालाच पुरते. दुसऱ्यानें अथवा घरच्या मुलीनें काय करावें, हा प्रश्न बारावीचा निकाल लागला कीं ओटीवर निघतो. “मास्तर होऊं दे” असें कोणी तरी म्हणतें. मग पदवीचीं तीन-चार वर्षें, वर बी. एड्. चीं दोन, असा हिशेब मांडला जातो आणि खर्चाकडे पाहून विषय तेथेंच संपतो.

हा हिशेब चुकीचा आहे. पहिली ते पांचवी या इयत्तांस शिकविण्यासाठीं पदवी लागत नाहीं. इतकेंच नव्हे, तर नुसती बी. एड्. पदवी तेथें चालतही नाहीं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें २८ जून २०१८ रोजीं बी. एड्. झालेल्यांस या वर्गांसाठीं मोकळीक दिली होती. परंतु ११ ऑगस्ट २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती अवैध ठरविली. लहान मुलांस शिकविणें ही वेगळी विद्या आहे व तिचें वेगळें शिक्षण घेतलेलाच मनुष्य तेथें असावा, असें त्या निर्णयाचें तात्पर्य आहे. म्हणजे बारावीनंतर दोन वर्षांची प्राथमिक अध्यापन पदविका, जिला आपण अद्यापि डी. एड्. म्हणतों व जिचें आजचें नांव डी. एल्. एड्. आहे, ती घेतलेल्या मुलाची जागा पदवीधरापेक्षां येथें खालची नाहीं.

पदवीवांचून शिक्षक होणें हें आमच्याकडे नवें नव्हे. मुंबई इलाख्यांत सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उतरून मास्तर होत व पुढें ट्रेनिंग कॉलेजांत जात. कोसबाडच्या अनुताई वाघ याच मार्गानें आल्या. जन्म १९१०, बालवयांत वैधव्य. व्हर्नाक्युलर फायनल व शिक्षणाची परीक्षा देऊन त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या. मॅट्रिक त्या नोकरी करीत असतां १९३७ मध्यें झाल्या आणि बी. ए. तर १९६१ सालीं, पन्नाशी उलटल्यावर. ताराबाई मोडक यांच्याबरोबर १९४५ पासून बोर्डीस व पुढें कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठीं त्यांनीं जें काम केलें, त्यास पदवीची वाट पाहावी लागली नाहीं. तो मुलूख तेव्हां आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत गेला.

आज मात्र वाट अधिक अरुंद आहे, आणि तिच्यावर एकामागून एक अशा चौक्या आहेत. पहिली चौकी बारावीच्या गुणांची, व आमच्या मतें सर्वांत जास्त मुलें येथेंच अडतात. पदविकेच्या प्रवेशास खुल्या वर्गातील उमेदवारास बारावीस ४९.५ टक्के व मागासवर्गीयास ४४.५ टक्के गुण लागतात. शाखा कोणतीही चालते. परंतु ४८ टक्के असले तर दार बंद. पुढें तोच मुलगा ६० टक्के मिळवून पदवीधर झाला तरी बारावीचा आंकडा बदलत नाहीं. आतां हे दोन टक्के जातात कोठें? पुष्कळदां आमच्याच खळ्यांत. कार्तिक-मार्गशीर्षांत झोडणी लागते, तिच्या मागोमाग भेंडी-काकडीची लागवड येते, मजूर मिळत नाहीं, आणि फेब्रुवारीच्या परीक्षेस बसणारा मुलगा आठ-आठ दिवस कॉलेज चुकवितो. त्या दिवसांची मजुरी वांचली असें आपण समजतों. गुण थोडक्यांत हुकले असल्यास परीक्षा मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. तिच्याखालीं उत्तीर्ण मुलासही पुन्हां परीक्षेस बसून गुण वाढवितां येतात. ही गोष्ट फारच थोड्या पालकांस ठाऊक असते.

प्रवेश पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमार्फत होतात. दोन वर्षांत बालमानसशास्त्र, विषयांच्या अध्यापनपद्धति व प्रत्यक्ष शाळेंत जाऊन पाठ घेणें, असें शिक्षण असतें. पत्रद्वारा किंवा अल्प मुदतींत पदविका मिळवून देतों असें सांगणारे भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावें. २०१७ नंतर जी अठरा महिन्यांची पदविका राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेनें दिली, ती त्या वेळीं नोकरींत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांपुरती होती.

दुसरी चौकी शिक्षक पात्रता परीक्षेची. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुषंगानें २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनें ती आली व महाराष्ट्रांत २०१३ पासून घेतली जाते. पहिली ते पांचवीसाठीं पहिला पेपर, १५० गुणांचा : बालविकास, दोन भाषा, गणित व परिसर अभ्यास, प्रत्येकीं ३०. खुल्या वर्गास ९० गुण मिळविले पाहिजेत, मागासवर्गीयांस ८३. एकदां उत्तीर्ण झालें कीं प्रमाणपत्र आतां जन्मभर चालतें. सात वर्षांची जुनी मुदत २०२१ मध्यें रद्द झाली. ही परीक्षा दरवर्षीं होईल असें मात्र धरून चालूं नये. २०२१ नंतर ती एकदम २०२४ च्या नोव्हेंबरांत झाली, त्यानंतर २०२५ मध्यें. शिवाय १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयानें सर्वोच्च न्यायालयानें, निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवकाश असलेल्या कामावरील शिक्षकांसही ती आवश्यक ठरविली.

तिसरी चौकी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीची. ही पास-नापासाची परीक्षा नव्हे. २०० प्रश्नांच्या या चाचणींतील गुणांवरच नेमणुकीची यादी लागते. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ त, दुसरी २०२३ च्या आरंभीं, तिसरी २०२५ मध्यें झाली. पहिल्या दोहोंच्या मध्यें पांच वर्षें गेलीं हें पालकांनीं विसरूं नये. वयाची मर्यादा खुल्या वर्गास ३८ व मागासवर्गीयांस ४३ आहे, म्हणून वाट पाहणें शक्य आहे. पण त्या काळांत घर कशावर चालवावयाचें हें आधींच ठरविलें पाहिजे. वाट पाहतांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घरची शेती सांभाळून घेतां येते. सहावी ते आठवीस पदवी लागतेच, तेव्हां तो वेळ वायां जात नाहीं.

नेमणूक ‘पवित्र’ या सरकारी संकेतस्थळावरून होते. जिल्हा परिषदांच्या जागा मुलाखतीवांचून गुणानुक्रमें भरतात. खाजगी संस्थांस मुलाखत घेतां येते. पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून काम, प्राथमिकास २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये मानधन. त्यानंतर २९,२०० पासून सुरू होणारी वेतनश्रेणी.

येथें पैशाविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे. “अमुक लाख द्या, मुलाला उत्तीर्ण करून देतों” असें सांगणारा दलाल गांवोगांवीं येतो, आणि त्यासाठीं जमीन गहाण पडते. २०१९ च्या पात्रता परीक्षेंतील गैरप्रकार २०२१ मध्यें उघडकीस आला, तेव्हां सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर कारवाई होऊन त्यांचे निकाल रद्द झाले. पैसा गेला, प्रमाणपत्र गेलें, आणि गहाणाचें व्याज राहिलें.

शहापूर तालुका संपूर्ण व मुरबाडचीं कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. २०१४ पासून अशा क्षेत्रांतील शिक्षकांच्या जागा स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठीं राखण्याचें धोरण आलें; त्यावरून न्यायालयांत वाद गेला आणि २०२४ च्या अखेरीस निवड झालेल्यांस मानधनावर नेमण्यास सुरुवात झाली. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली कुटुंबांनीं जातवैधता प्रमाणपत्राचें काम मुलगा बारावींत असतांनाच हातीं घ्यावें. त्यास वेळ लागतो. इतर शेतकऱ्यांनीं हें गृहीत धरावें कीं मुलाची नेमणूक घरापासून दूर, कदाचित् दुसऱ्या जिल्ह्यांत होईल. ‘मास्तरकी करील आणि शेतही पाहील’ हा जुना बेत आतां सहसा जमत नाहीं.

याखेरीज वाटा थोड्या. चित्रकलेची गोडी असल्यास कलाशिक्षक पदविका आहे. गांवांतल्या मुलीस व सुनेस अंगणवाडीसेविकेची जागा मिळूं शकते : बारावी, त्याच गांवची रहिवासी, वय १८ ते ३५. पण ती शाळाखात्याची नोकरी नव्हे. खाजगी इंग्रजी शाळा प्रशिक्षणावांचून तुटपुंज्या पगारावर ठेवून घेतात. तो अनुभव वरील कोणत्याही चौकीवर उपयोगी पडत नाहीं.

आणखी एक गोष्ट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत २०३० पर्यंत शिक्षकास चार वर्षांची एकात्मिक बी. एड्. ही किमान पात्रता करण्याचें योजिलें आहे. तें कितपत पार पडेल हा निराळा प्रश्न. पण ज्याचा मुलगा आज बारावींत आहे त्यानें दोन वर्षें इकडेतिकडे घालवूं नयेत. ठाण्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था बदलापूरजवळ रहाटोलीस आहे. निकालाची वाट न पाहतां, राब भाजण्याचें काम आटोपलें कीं मुलास घेऊन तेथें एकदां जाऊन यावें. कारण प्रवेशाच्या तारखा पुढें नेमक्या पेरणी-लावणीच्या धांदलींत येतात.