जायफळ : चिमूटभर आणि अख्खं

आज आपण जायफळाबद्दल बोलणार आहोत. श्रीखंडातलं, पुरणपोळीतलं जायफळ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. शिवाय झोपेचं औषध म्हणूनही पुष्कळ घरांत ते असतंच. तेव्हा प्रश्न असा, की मसाला कुठे संपतो आणि विषबाधा कुठे सुरू होते?

हे झाड मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. आता कोकणात, गोव्यात नारळ-सुपारीच्या बागांत ते लावतात. फळ उकललं की बीभोवती लाल जाळी दिसते, ती जायपत्री. बीचं कवच फोडलं की आतला गर म्हणजे जायफळ.

जायफळाच्या तेलात मिरिस्टिसीन आणि एलेमिसीन ही द्रव्यं असतात. ती जास्त प्रमाणात पोटात गेली की मेंदूवर परिणाम होतो. साधारण ५ ग्रॅम पुडीनंतर, म्हणजे जवळपास एका अख्ख्या जायफळानंतर, विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. पुरणात आपण पाव चमचा पूड घालतो. ती होते अर्धा ग्रॅमच्या आसपास, आणि तीही घरभर वाटली जाते. म्हणून जेवणातल्या जायफळाला घाबरायचं कारण नाही.

खरा धोका आहे तो उशिराचा. परिणाम दिसायला तीन ते सहा तास लागतात. झोप येईना म्हणून चमचाभर घेतलं, तासाभरात काहीच झालं नाही, म्हणून आणखी एक चमचा घेतलं, की घात होतो. मग मळमळ, तोंडाला कोरड, छातीत धडधड, गोंधळ, भास. हे दिवसभर किंवा जास्तही टिकू शकतं. यावर खास असा उतारा नाही. दवाखान्यात लक्षणांवर उपचार करतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये तीन जायफळं खाऊन हा अनुभव स्वतःवर घेतला होता.

आता बाळगुटीचं बघू. सहाणेवर आपण वेढे मोजतो, वजन नाही. हात जड पडला की त्याच दोन वेढ्यांत जास्त जायफळ उतरतं, आणि समोर असतं तीन-चार किलोचं बाळ. ते शांत झोपलं म्हणून आपल्याला बरं वाटतं. पण गुंगीतलं बाळ दूधही कमी पितं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे या वयात गुटी नकोच. बाळ फार रडत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

गरोदर बायकांनी, आणि झोपेची किंवा मानसिक आजाराची औषधं घेणाऱ्यांनी, जायफळ पदार्थात खावं; औषध म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नये. विकत घेताना अख्खं घ्यावं, कीड-बुरशी लागलेलं टाकून द्यावं. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन शिजवून जात नाही.

थोडक्यात, किसणीवर दोन-चारदा फिरवलेलं जायफळ हा मसाला. चमच्याने घ्यायची ती वस्तू नव्हे.