दुर्बीण अवकाशात, अभ्यासक पुण्यात!

गांधीबागेतील दुकानांचे दिवे मालवले तरी नागपूरच्या मध्यवस्तीवरील आकाश काळे होत नाही. आपल्या आकाशगंगेची सर्वांत जवळची मोठी शेजारीण म्हणजे २५ लाख प्रकाशवर्षांवरील देवयानी दीर्घिका. तीही येथून नुसत्या डोळ्यांना दिसण्याची आशा नाही. तरीही शुक्रवारी तलावाजवळील रमण विज्ञान केंद्राचे तारांगण पाहून बाहेर पडणाऱ्या एखाद्या मुलाच्या मनात खगोलशास्त्रज्ञ होण्याचे येतेच. पालकांचे प्रश्न मग ठरलेले असतात. त्यासाठी परदेशी जावे लागेल का? आणि पुढे पोटापाण्याचे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहे, दुसऱ्याचे फारसे नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील (एनसीआरए) पीएच.डी.च्या विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक प्रा. योगेश वाडदेकर यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये एका अतिदूरच्या सर्पिल दीर्घिकेचा शोध जाहीर केला. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला १२ अब्ज वर्षांहून अधिक काळ लागला. म्हणजे विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाचे तिचे रूप आपण आज पाहत आहोत. इतक्या बाल्यावस्थेतील दीर्घिका विस्कळीत, बेढब असाव्यात, असा अभ्यासकांचा समज होता. हिला मात्र दोन रेखीव सर्पिल भुजा आहेत आणि तिच्यातील ताऱ्यांचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १० अब्ज पट भरते. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. म्हणून मंदाकिनीच्या भगिनी नदीचे, अलकनंदेचे नाव या दीर्घिकेला देण्यात आले.

विशेष म्हणजे यासाठी दोघांपैकी कोणालाही दुर्बिणीपाशी रात्र जागावी लागली नाही. निरीक्षणे होती २५ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपित झालेल्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची आणि ती जगातील सर्व अभ्यासकांना खुली होती. विश्वाच्या प्रसरणामुळे अलकनंदेच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे पाचपट ताणली गेली आहे. तेथून निघालेला दृश्य प्रकाश येथे अवरक्त होऊन पोहोचतो, आणि वेब दुर्बीण तोच टिपते. तब्बल २१ फिल्टरांतून टिपलेल्या तेजस्वितेवरून अंतर, वस्तुमान आणि नव्या ताऱ्यांच्या जन्माचा वेग यांचे गणित मांडण्यात आले. निसर्गाचीही मदत झाली. वाटेतील 'एबेल २७४४' या दीर्घिका समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले आणि अलकनंदा जवळपास दुप्पट तेजस्वी दिसली.

मात्र छायाचित्र हाती आले म्हणजे शोध लागला, असे नाही. पुण्याच्याच 'आयुका'तील डॉ. कनक साहा यांचा अनुभव याबाबत बोलका आहे. भारताच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहाने ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तासांहून अधिक काळ आकाशाचा एक तुकडा न्याहाळला. त्यात ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेतून आलेले तीव्र अतिनील किरण आढळले. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, अॅस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बिणीचा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा! पण तिच्या उपकरणातील पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी असल्याने तो क्षीण संकेत हाती लागला. तो खरोखर त्याच दीर्घिकेचा आहे, याची खात्री पटवण्यात सुमारे दोन वर्षे गेली. निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते ऑगस्ट २०२० मध्ये. या पेशातील बराचसा काळ अशा खातरजमेतच जातो आणि त्याची बातमी क्वचितच होते.

आता दुसरा प्रश्न. भौतिकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, राष्ट्रीय पातळीवरील प्रवेश परीक्षा, मुलाखत, मग साधारण पाच-सहा वर्षांची पीएच.डी. शिष्यवृत्ती मिळते, तिच्यात घर चालवणे कठीण. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या कंत्राटी संशोधनवृत्त्या, एक संपली की दुसरी, आणि त्या बहुधा परदेशात. कायम नोकरी लागेपर्यंत अनेकांची पस्तिशी उजाडते आणि जागा मोजक्याच असतात. संगणकीय विश्लेषणाचे कौशल्य उद्योगक्षेत्रातही चालते, हा काय तो दिलासा. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पदवीच्या वर्षांतच शिकून घेतलेले बरे; नक्षत्रे पाठ असण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक.

स्वतःच्या प्रश्नासाठी खास निरीक्षण हवे असल्यास स्पर्धा आणखी तीव्र होते. वेब दुर्बिणीच्या चौथ्या फेरीसाठी ऑक्टोबर २०२४ पर्यंत २,३७७ प्रस्ताव आले. मागितलेला वेळ उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट होता. अलकनंदेच्या भुजा कशामुळे निर्माण झाल्या, तिची तबकडी शांतपणे फिरते की तीत खळबळ आहे, हे कळण्यासाठी तिच्या निरनिराळ्या भागांचे वर्णपट घ्यावे लागतील. खुल्या साठ्यातील छायाचित्रांवर ते भागणारे नाही; त्यासाठी दुर्बिणीचा वेळच मागावा लागेल.